दहापैकी चार

रॉकी माउंट,
९ फेब्रुवारी

प्रिय शरीस,

काल फोनवर मी जे सांगितलं ते तू आज सकाळी तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलंस, त्यांनी लगेच रक्त तपासायला घेतलं आणि आता दर आठवड्याला बोलावलं आहे, हे तुझ्या निरोपातून कळलं. बरं वाटलं. तुझ्या आईचं हृदय कमजोर नव्हतं. तुझ्या जन्मानंतर काही तासांत तिचा रक्तदाब फार चढला, यकृतातून रक्तस्राव झाला आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टरांना एवढंच हवं होतं. तू मात्र आणखी एक विचारलंस, "मग मावशी, एकोणतीस वर्षं तू हृदय का म्हणत होतीस?" मी म्हणाले, लिहून कळवते. तू हसलीस, "लिहून? आता कोण लिहितं गं?" मी लिहिते. बोलायला लागले की तू मध्येच माझी समजूत घालशील, आणि मी ती घालून घेईन.

हृदयाचं मी मनाने रचलं नव्हतं. दाखल्यावर तसंच होतं, हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू. ती शेवटी सगळ्यांचीच बंद पडते. मी नर्स, मला हे कळत होतं. पण तो कागद हातात आला तेव्हा वाटलं, चला, सांगण्यासारखं काहीतरी मिळालं. तू सहा वर्षांची असताना पहिल्यांदा विचारलंस, तेव्हा मी तेच सांगितलं. नंतर शाळेच्या कागदांवर, दवाखान्याच्या कागदांवर, जिथे जिथे आईचा आजार असा रकाना आला तिथे मी माझ्या हाताने हृदय लिहिलं. तुझ्या बाळंतपणाच्या कागदावरही कालपर्यंत तेच होतं.

मी इथल्या इस्पितळात लागले १९७९ साली. बाळंतिणींच्या मजल्यावरची पहिली काळी नर्स. काळ्या बायका त्याआधीही त्या मजल्यावर होत्या, पण फरशी पुसायला आणि चादरी बदलायला. त्यामुळे पहिले सहा महिने मी खोलीत शिरले की खाटेवरची बाई म्हणायची, "अगं, ती कचऱ्याची बादली भरलीय बघ." मी बादली रिकामी करायचे, हात धुवायचे आणि म्हणायचे, "मी तुमची नर्स. मनगट द्या, नाडी बघते." प्रुइटबाई आमच्या मुख्य. वाईट नव्हत्या. माझ्या वाढदिवसाला घरून केक करून आणायच्या. त्याच टेबलाशी बसून म्हणायच्या, "सात नंबरवालीला काही झालेलं नाही. ह्यांना ओरडायची सवयच असते. कातडी जाड असते ह्यांची, आपल्याइतकं दुखत नाही." मग माझ्याकडे बघून, "तुझं वेगळं हं, ओलेथा." एकदा अशाच कशावर तरी सगळ्या हसल्या आणि मीही हसले. कशावर ते आठवत नाही. मी हसले एवढं आठवतं.

तिथे उभी राहून मी शिकले. दहापैकी किती दुखतंय हा प्रश्न तेव्हा नव्याने सुरू झाला होता. गोरी बाई आठ म्हणाली की डॉक्टर यायचे. आपली बाई आठ म्हणाली की कागदावर लिहायचे, रुग्ण तक्रारखोर आहे. दहा म्हणाली तर बाहेर येऊन कुजबुज, हिला औषधाची चटक तर नाही ना? तिचा नवरा चढ्या आवाजात बोलला तर खालून पहारेकरी वर यायचा. हळू बोलणारी, आकडा लहान सांगणारी, थँक यू म्हणणारी, तिच्या खोलीत मात्र जरा जास्त वेळा जायचे. निदान मला तसं वाटलं. आणि मग मी आपल्या गल्लीतल्या प्रत्येक पोटुशीला ते शिकवलं. इस्पितळात जायचं तर चर्चला जातो तसं चांगले कपडे घालून जायचं, ते आपल्याकडे आधीपासून होतंच. माझी आई म्हणायची, "डॉक्टरला कळू दे, हिची वाट बघणारं कुणीतरी घरी आहे." त्यात मी माझी भर घातली. पहिल्या वाक्यात 'माझे मिस्टर' आलं पाहिजे. दुसऱ्यात आपण काय काम करतो ते. आवाज खाली. आकडा लहान. बायका हसून म्हणायच्या, लेथाचे नियम.

तुझी आई माझ्यासारखी नव्हती. व्हर्नेल चर्चमध्ये हसली की पाद्रीबाबांची ओळ चुकायची. तिसरीच्या मुलांना शिकवायची, तिचा आवाज वर्गाच्या दोन भिंतींपलीकडे जायचा. मी सात वर्षांनी मोठी. तिला गप्प करणं हे लहानपणापासून माझं काम होतं. कळा सुरू झाल्या त्या पहाटे मी तिला न्यायला गेले तर ही आरशापुढे. निळा झगा, पांढरी कॉलर, कानात मोती. केस आदल्याच दिवशी गरम कंगव्याने सरळ करून घेतलेले. तुझे वडील दारात गाडीची किल्ली घेऊन उभे आणि ही खुर्चीत बसून पायात लांब मोजे चढवतेय. रोस्को म्हणाले, "लेथा, हिला काहीतरी सांग गं. मूल इथे खुर्चीत होईल." व्हर्नेल म्हणाली, "तिला काय सांगतोस? तिचेच नियम आहेत." मग कळ आली, आणि तिने एक मोजा हातात धरून दात आवळले. आवाज केला नाही. मला तेव्हा तिचा अभिमान वाटला.

तू सव्वानऊला झालीस. तुझ्याकडे बघून ती म्हणाली, "नाक रोस्कोचं आलं. बिचारी." बाराच्या सुमाराला तिच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. डोकंही. मी कामावर होते, दोन खोल्या सोडून. आत गेले तेव्हा तिने माझं मनगट धरलं. "लेथा, हे काहीतरी वेगळंय गं. हे बाळंतपणाचं दुखणं नाही." मी विचारलं, किती? म्हणाली, "नऊ. नाही, थांब, दहा असेल." शेजारच्या खोलीत सकाळपासून एक मुलगी ओरडत होती, आपलीच, एकोणीस-वीस वर्षांची, आणि प्रुइटबाईंनी तिचं दार लावून घेतलं होतं. ते बंद दार मला दिसत होतं. मी व्हर्नेलला म्हणाले, "दहा म्हणालीस तर तुझंही दार लावतील. चार सांग. चारवर विश्वास ठेवतात. पुढचं मी बघते." तिने माझ्याकडे बघितलं. तिला पटलं नव्हतं. पण मी मोठी बहीण, वर नर्स. प्रुइटबाई आत आल्या, विचारलं, आणि व्हर्नेल हसून म्हणाली, "चारच आहे, मॅडम. थँक यू." त्यांनी चार लिहिलं, गोळी दिली आणि गेल्या.

मी पुढचं बघायला गेले. डॉक्टर केनर टेबलाशी उभ्याने सँडविच खात होते. मी म्हणाले, माझी बहीण आहे, जरा बघता का? त्यांनी कागद उघडला. "चार? पहिलटकरणीला चार म्हणजे काहीच नाही, ओलेथा. बहीण तुझ्यासारखीच समजूतदार दिसते. बाकीच्या अशा असत्या तर काय हवं होतं." मी म्हणाले, थँक यू, डॉक्टर. शरीस, मी सत्तावीस वर्षं त्या मजल्यावर होते, हजारो वेळा थँक यू म्हणाले असेन. त्यातला हा एक मला ऐकू येतो. त्याच कागदावर, चारच्या वरच्या ओळीत, तिचा रक्तदाब लिहिलेला होता. एकशे अडुसष्ट, एकशे दहा. तो तिला कुणी विचारलेला नव्हता, यंत्राने सांगितला होता. त्यासाठी तिच्यावर विश्वास ठेवायची गरजच नव्हती. तो कुणी बघितला नाही. मीही नाही. माझा हिशेब बरोबर आला होता ना, डॉक्टर हसून बोलले होते.

दीड-दोनच्या सुमाराला रोस्को बाहेर येऊन मला म्हणाले, "तिला दोन दोन दिसतंय म्हणतेय. मी जाऊन त्या डॉक्टरची गचांडी धरतो आता." ते सहा फूट दोन इंच होते. मी त्यांना अडवलं. "तुम्ही आवाज चढवलात तर तुम्हाला बाहेर काढतील. मग तिच्याजवळ कोण?" ते आत गेले आणि टोपी हातात धरून खाटेशी उभे राहिले. चारला तिला आकडी आली. मग सगळे धावले. खरोखर धावले, अगदी मनापासून. प्रुइटबाई रडल्या.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवणं झाली. चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाई, मदर हॅझल, ह्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "पोरीने शेवटपर्यंत आवाज चढवला नाही हो. माझी पाच बाळंतपणं झाली, हूं की चूं केलं नाही मी. आपल्या बायका अशाच." बाजूच्या बायकांनी माना हलवल्या. चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक डीकन म्हणाला, बाई असावी तर अशी. रोस्को ताट तसंच ठेवून उठले. चार दिवसांनी ते माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले, तू माझ्या मांडीवर होतीस. त्यांनी एकच विचारलं, "तिने तुला खरं किती सांगितलं होतं?" मी म्हणाले, "नऊ. मग दहा." त्यांनी कप खाली ठेवला. पुढच्या महिन्यात त्यांनी नॉरफोकला गोदीवर काम धरलं. तू मोठी झाल्यावर म्हणायचीस, बापाला मुलगी नको होती, मुलगा असता तर राहिला असता. मी कधी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. त्यांना तू हवी होतीस, शरीस. मी नको होते, आणि तू माझ्या घरात होतीस.

तू म्हणशील, सगळं स्वतःवर कशाला घेतेस? घेत नाही. चार लिहून जी बाई निघून गेली तिला डोळे होते. डॉक्टरला वाचता येत होतं. शेजारच्या त्या मुलीने दहा सांगितलं, खरं सांगितलं, तर तिच्या तोंडावर दार लागलं. म्हणजे खरं बोलून दार बंद आणि खोटं बोलून मरण. ही गोष्ट माझ्याआधीपासून तशी होती. मी फक्त त्यातून एक वाट काढली, असं मला वाटलं, आणि ती वाट मी माझ्या बहिणीला दाखवली.

आणि ती गेल्यावरही मी शहाणी झाले नाही. तू नऊ वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडलीस. मनगटाचं हाड मोडलं होतं, हात वाकडा दिसत होता. डॉक्टरने विचारलं, दुखतंय का बाळ? तू म्हणालीस, "थोडंसं, सर." तो म्हणाला, किती गुणी मुलगी. मी तुला येताना आइस्क्रीम घेऊन दिलं. दोन गोळे. आता तू पूल बांधतेस. मागच्या महिन्यात तू हसत हसत सांगितलंस की बैठकीत तुझा मुद्दा कुणी ऐकला नाही, पाच मिनिटांनी शेजारच्या माणसाने तोच मांडला तर सगळे वाहवा म्हणाले, आणि तू काही बोललीस तेव्हा साहेब म्हणाले, "जरा सूर सांभाळ." मी विचारलं, मग तू काय केलंस? म्हणालीस, "काय करणार? सांभाळला." आणि आपण दोघी हसलो. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हात धुत उभी होते.

आता हे सगळं आजच का, ते सांगते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत झालं असतं. पण गेल्या रविवारी तू दुसरंही एक विचारलंस, बाळंतपणाच्या वेळी आत माझ्याजवळ तू उभी राहशील का? आणि मी पुरतं ऐकायच्या आत हो म्हणाले. मग तू म्हणालीस, "तू असलीस ना मावशी, की मी नीट वागते. आरडाओरडा नाही करणार बघ." त्या वाक्यानंतर मला झोपेचं नाव नाही. तू कुणाला बोलावते आहेस हे तुला माहीत असायला हवं. हे वाचून झालं की पुन्हा विचार कर. तुझी ती मैत्रीण मार्कीटा, जी हॉटेलात थंड सूप आलं तर आचाऱ्याला बाहेर बोलावते, तिला घे, मला वाईट वाटणार नाही. आणि मलाच घेतलंस, तर मी नर्स म्हणून येणार नाही, तुला रीतही शिकवणार नाही. तुला जेवढं दुखेल तेवढं तू सांग, तू सांगू शकली नाहीस तर मी ओरडेन. ह्या वयात मला ते जमेल की नाही, खरंच माहीत नाही, मी कधी केलेलं नाही. आत नको म्हणालीस तर मी बाहेरच्या बाकावर बसेन. घरी जाणार नाही.

तुझीच,
लेथा मावशी