आण्णा, तोंड मी रंगवलं

आण्णा,

तुम्ही मला एकदासुद्धा तोंड रंगवू दिलं नाही, हे मी विसरलेली नाही. चौथीतून पोरीची शाळा सोडवली ती पाट्या रंगवायला. निम्म्या श्रीगोंद्याच्या दुकानांवर अक्षरं तुम्ही आखायची, भरायची मी. डेअरीची पाटी आली तेव्हा गाय मी भरली, गवत मी भरलं, पाटीवरच्या बाईचं लुगडंसुद्धा मीच. तिच्या तोंडाशी ब्रश नेला की मागून टपली. "तोंडाला हात लावू नको. तुला दम न्हाई." आणि तोंडासाठी नगरहून दुसरा पेंटर बोलावला.

आता मी दर सोमवारी एसटीनं नगरला चित्रांच्या क्लासला जाते. सून म्हणाली, "आत्याबाई, ह्या वयात?" म्हटलं, तू भाकरी थाप. मास्तरांनी परदेशातलं एक फार जुनं चित्र पुढं ठेवलं. खिडकीशी उभी राहून बाई दूध ओततीय. म्हणाले, जसंच्या तसं उतरवा. मी पाटीसारखं एका बैठकीत उरकलं. खालचा तपकिरी थर ओला, त्यावरच कातडीचा रंग चढवला. बाईचं तोंड शेणानं सारवल्यागत. मास्तर म्हणाले, "बाई, पाटीचा रंग संध्याकाळपर्यंत वाळतो. ह्या तेलरंगाला आठवडा द्या." दोनदा खरवडलं. तिसऱ्यांदा आठवडाभर चित्र भिंतीकडं फिरवून ठेवलं, नाहीतर माझा हात गेलाच असता. मग गालाच्या सावलीत हिरवट रंग घाला म्हणाले. मी भांडले, बाई काय आजारी हाय का? घातला, आणि गाल गोल झाला.

परवा ती बाई पुरी झाली. चांगली झालीय. चहा गार होईस्तोवर मी नुसती बघत बसले.

दम नव्हता, हे कबूल. पण तोंड तुम्हालाही येत नव्हतं. नगरचा पेंटर कामाला बसला की तुम्ही विड्या आणायला निघून जायचात. मला तेव्हाच कळलं होतं.

आता मास्तर म्हणतात, घरातलं माणूस घ्या. तुम्हाला घेतलंय. फोटो एकच, मतदान कार्डावरचा, त्यात डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. थोरली बहीण म्हणते घारे होते, धाकटा भाऊ म्हणतो काळे. मला आठवतच नाहीत, आण्णा. मी सदा शिडी धरून खाली. तुमच्या टाचा भेगांसकट काढून दाखवीन.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ठाऊक आहे मला. तरी विचारते. सोमवारी डोळे रंगवायचेत. घारे का काळे, रविवारपर्यंत सांगा.