मधला धुरा

मु. पिंपळटोला, ता. अर्जुनी मोरगाव
३० नोव्हेंबर २०२५

चि. दुर्गेश्वरीस थोरल्या जावेचा, सुलोचनाबाईचा, आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहे. भिलाईच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? सुनेला म्हणावे, रोज तेल चोळून दे. फोनवरच बोलले असते, पण फोन लावला की आमचा तिलक शेजारी येऊन बसतो. आई काय बोलते, यावर पोराचे बारीक लक्ष. म्हणून पत्र.

धान निघाला. यंदा हार्वेस्टर लावला, त्याच्या चाकांखाली रोपे चिरडली असती, म्हणून उतेरा टाकलाच नाही. उभ्या धानात, पायाखाली ओल असताना, आपण दोघी ओटीत लाखोरीचे बियाणे घेऊन फेकत जायचो, आठवते ना? तुझ्या बांधीत दाट उगवायची आणि माझ्या बांधीत विरळ. बिसराम भाऊजी म्हणायचे, "वहिनी, तुमचा हात चिंगूस हाय." हसून हसून आपण चिखलात बसायचो. ते दिवस मला फार आठवतात ग.

आता पेरणीचे यंत्र आले आहे. नांगरणी नाही, वखरणी नाही. धानाच्या धसकटातच त्याचे लोखंडी तवे फिरतात, जमिनीला चीर पडते, आणि पंख्याचा वारा नळीतून बियाणे त्या चिरेत ढकलतो. मागचे चाक लगेच चीर बुजवते. मी वाकून वाकून पाहिले, एक दाणा दिसेल तर शपथ.

"तिलक, बियाणं पडून नाही राहिलं रे."

"पडून राहिलं, माय. दिसत नाही म्हणून का पडत नाही?"

माझे मन काही मानेना. यंत्र पुढच्या बांधीकडे वळले, तशी मी ओटी भरून मागून लाखोरी फेकून घेतली. आता उगवण झाली आहे. यंत्राच्या ओळी सरळ आणि मधे माझे जंगल. तिलक म्हणाला, "कायले फेकलीस व माय?" मी पाखरांवर ढकलून मोकळी झाले.

आता कामाचे. यंत्र मोठे, लहान बांध्यांत वळत नाही. म्हणून तुझ्या-माझ्या बांधीमधला मातीचा धुरा तिलकला उन्हाळ्यात मोडायचा आहे. तुझा हिस्सा तुझाच राहील, पीकही मिळेल. पोरगा लबाड नाही. मला म्हणाला, "काकी तुझंच ऐकते. तिचा हो घेऊन टाक." तेच लिहायला बसले होते.

त्या धुऱ्यावर भाऊजी तूर लावायचे. ते गेले, तू मुलाकडे गेलीस, तेव्हापासून मीच लावते. आपण तिथे बसून शिदोरी खायचो, आता एकटीच बसते. घर भरलेले आहे, नाही असे नाही. पण सगळ्यांची मी आई नाही तर आजी. माझ्याशी बरोबरीने भांडणारे कुणी उरले नाही.

तर ऐक. तिलकचे चुकत नाही, धुरा आज ना उद्या जाणारच. पण तू फोनवर हो म्हणू नकोस. पत्रानेही नको. "जागेवर येऊन पाहिल्याशिवाय सांगणार नाही," असे ठणकावून सांग. तो चिडेल, चिडू दे. तुला न्यायला स्वतः गाडी घेऊन येईल. तिथूनच हो म्हणालीस, तर तुला इकडे यायला कारण उरणार नाही, आणि मला बोलवायलाही.

आणि आलीस की लगेच हो म्हणू नकोस. चांगली महिनाभर विचार करीत बस.

तुझी वाट पाहणारी,
सुलोचनाबाई