आमच्या हंड्यातले दाणे

दमनहूर, सोमवार

आदरणीय खैरीमामांना नश्वाचा सलाम.

या थंडीत तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? यापुढे ‘आम्ही सगळे ठीक आहोत’ असं लिहायची पद्धत आहे, पण आम्ही ठीक नाही. (फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला दुसऱ्या वाक्याला थांबवता.)

शेतकीची पदवी घेऊन आल्या आल्या मी घरात जाहीर केलं, की आपल्या मातीत पिकत नाही ते खायचं नाही. आईची परदेशी सफरचंदं बंद केली. बाबा हंड्यात दाणे शिजवून मेदम्मिस विकतात, त्या गाडीवर स्वतः रंगवून फळी लावली: ‘इथला प्रत्येक दाणा आपल्या मातीतला’. सगळा इजिप्त रोज सकाळी बाकल्याच्या शेंगांतले जे दाणे खातो, ते आपले नसतील हे माझ्या मनातही आलं नाही. व्यापाऱ्याच्या वखारीत गेले ती केवळ पोत्याचा फोटो काढायला. पोत्यावर छापलं होतं: ऑस्ट्रेलिया. वर कांगारूचं चित्र. मी मटकन पोत्यावरच बसले, मग कशावर बसलेय हे लक्षात येऊन उठले. व्यापारी म्हणाला, गेली कित्येक वर्षं आमचा माल जहाजानेच येतो, कॉलेजात शिकवलं नाही का? (शिकवलं होतं. आयातीचा तक्ता पाठही केला होता. तो तक्ता आमच्याच हंड्यात शिजतोय हे सुचलं नाही.)

बाबा ते चित्र अकरा वर्षं बघत होते. त्यांना तो ससा वाटायचा. आपल्याकडे मुलूखियाच्या पातळ भाजीत ससा पडतो, तेव्हा सशाचं पोतं म्हणजे घरचाच माल, अशी त्यांची समजूत. खरं कळल्यावर त्यांनी हंड्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाले, “तीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला फसवलं नाही, पोरी. तू आठ दिवसांत ते उरकलंस.” फळी मीच उतरवायची आणि का उतरवली तेही मीच सांगायचं, असं त्यांनी बजावलं.

तेव्हा मामा, तुमच्या शेतातल्या बाकल्याची दोन पोती शुक्रवारच्या आत पाठवाल का? मग फळी खरी होईल.

तुमची भाची,
नश्वा

ता. क. शुक्रवारच का, ते लिहायचं राहिलं. फळी उतरवायला गेले तेव्हा निवृत्त मास्तर उस्ताद फतहल्ला समोर खात उभे होते. या फळीमुळे तरुण पिढीवर पुन्हा विश्वास बसला, असं ते चारचौघांत म्हणाले आणि दाणा कुठल्या गावचा ते विचारलं. माझ्या तोंडून तुमच्या गावाचं नाव गेलं. शुक्रवारी ते चौदा मास्तरांना घेऊन तुमचं शेत बघायला येत आहेत. मिनीबस ठरली आहे.

आणखी एक. आई आत्ताच म्हणाली, की तुम्ही दोन वर्षांपूर्वीच बाकला काढून स्ट्रॉबेरी लावलीत आणि ती सगळी विमानाने युरोपला जाते. मामा, हे खरं आहे? खरं असेल तर शेतावर काही अंथरता येईल का?

शेवटचं. पत्र बाबांनी वाचलं. ते म्हणतात, “खैरीला लिही, एक पानही झाकू नकोस. मास्तर उतरले की पहिली बोलेल ती नश्वा, आणि मी शेजारी उभा असेन.” तेव्हा पोती पाठवू नका. सतरा माणसांचा चहा तेवढा ठेवा, आणि माझं बोलून होईपर्यंत कुणाला देऊ नका. प्यायल्यावर त्यांना माझ्यावर रागावणं जड जाईल, आणि बाबांना तसं नको आहे.