मुलींच्या मुठीची लेझीम

सोलापूर, पौष शुद्ध षष्ठी

या थंडीत कन्याशाळेसाठी स्वतःच्या हातांनी केलं ते: नाटकाचा पडदा, दोन लाकडी तलवारी, चोवीस लेझिमी. कुणापाशी शिकलो नाही. तरी पहिल्याच सरावाला चौथीतली गंगू म्हणाली, "काका, मूठ तुमच्या हाताची हाय की. आमाला धरवत न्हाय." मोठ्या बाई लेझीमच रद्द करायला निघाल्या. मापाची एवढी ऐट माझी, आणि मूठ मापली ती स्वतःची? मग प्रत्येकीचा पंजा मोजून चोवीस मुठी नव्याने तासल्या.

आज संमेलनात चोवीसही एका ठेक्यात वाजल्या, एकही निसटली नाही. गंगू तर थांबेचना. खेळ संपताच आखाड्याचे वस्ताद त्यांच्या लहान पोरांसाठी सगळ्या लेझिमी विकत मागू लागले. संक्रांतीच्या खेळात मुली काय नुसत्या टाळ्या वाजवतील? नको म्हटलं, रोख साठ रुपये देत होते तरी.