सातव्या रचनेचं नाव

सर, तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग ठणठणीत आहे. उलट बाळसं धरलंय त्यानं. आधी बातमी देते, म्हणजे जिथे असाल तिथे जरा जळफळाट होऊ दे: माझा अल्बम निघाला. एक साधी लाकडी गिटार, तबला नाही, मागे कुणी सूर धरलेला नाही, मी एकटी. आणि गिटार छातीशी धरून, तुमच्यासारखी मांडीवर आडवी घालून नव्हे. अकरा चिजा आहेत. सहा जाझमधली जुनी गाणी, जी तिकडचा प्रत्येक वादक आपापल्या परीनं वाजवतो, आणि पाच माझ्या स्वतःच्या. "स्वतःचं सुचायला तुला अजून दोन जन्म लागतील," म्हणाला होतात ना? याच जन्मात सुचलं.

प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमधली तुमची पुढची खोली. तुम्ही वर्कशॉपमधून सायकलवर येता, घासलेटनं हात धुता, काकू चहा टाकतात, आणि आम्ही सातजण सतरंजीवर गिटारी आडव्या घेऊन बसलेलो. डाव्या हातात पोलादी कांडी, ती तारेवरून सरकवायची, गळ्यासारखी मींड काढायची. ते तुम्हाला येत होतं, खोटं कशाला बोलू? तुम्ही यमन सुरू केलात की भाजीवाला हातगाडी थांबवायचा. कांडी नीट सरकावी म्हणून तारा उचलून धरणारी एक सुटी पट्टी प्रत्येक गिटारीला असायची. मी घरी जाऊन ती काढून ठेवायची आणि बोटांनी तारा दाबून वाजवायची, कारण मला एका वेळी एक सूर पुरत नव्हता, चार हवे होते. फतेगंजच्या चर्चमध्ये वाजवणारे एक म्हातारे अंकल मला ते शिकवत होते. कुणीतरी चोंबड्यानं ते तुमच्या कानावर घातलं.

तुम्ही ओरडला नाहीत. "गिटार ठेवून जा, तारा बदलून देतो," एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी बघते तर गिटारीच्या मानेच्या टोकाला नवी पट्टी, वर्कशॉपमध्ये कानशीनं घासून अगदी मापात बनवलेली, आणि कायमची चिकटवलेली. तारा इतक्या वर की बोटानं दाबताच येईना. "आता चित्त भरकटणार नाही," म्हणालात, आणि वर हसलात. बाबांनी कोयलीच्या रिफायनरीत जादा पाळ्या करून घेतलेली गिटार ती! मी पक्कड घेऊन पट्टी उपटायला गेले, तर मानेचं लाकूडच उचकटलं. तुम्ही बाबांना बोलावून घेतलंत. ते पाळीवरून तसेच, गणवेशात आले. त्यांच्यासमोर, सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "हिला वाजवायचं नाहीये हो, खाजवाखाजव करायचीय. शिवणकामाला घाला." आणि बाबांनी वाकून तुमची माफी मागितली. गिटार तुमच्या पट्टीनं मोडली आणि वाकला माझा बाप! ते मी विसरेन असं वाटलं तुम्हाला?

तर सातव्या रचनेचं नाव मी 'खाजवाखाजव' ठेवलंय. छापलंय, ठळक अक्षरांत. शिकवणाऱ्यांत फतेगंजच्या अंकलचं नाव आहे, तुमचं नाही. चुकून राहिलेलं नाही, मुद्दाम गाळलंय. तेवढ्यानंही माझं पोट भरलं नव्हतं, तोच तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांचा फोन आला. तुमच्या पुण्यतिथीला दरवर्षी ते कार्यक्रम करतात, यंदा मी वाजवावं म्हणे. मी लगेच हो म्हटलं. अशी संधी कोण सोडतंय? बाबा असते तर त्यांना पहिल्या रांगेत बसवलं असतं.

गेल्या रविवारी सकाळी गेले. तुमच्या फोटोला मोगऱ्याचा हार, समोर काकू, हातात काठी. सूत्रसंचालक गुजरातीत म्हणाला, "बेन, पहेला बे शब्द सर विशे बोलजो ने." तुमच्याबद्दल आधी दोन शब्द? मी सगळं सांगितलं. पट्टी, पक्कड, बाबांचं वाकणं, सातव्या रचनेचं नाव कुठून आलं ते. एक शब्द मऊ केला नाही. तुमचे लाडके विद्यार्थी आपापल्या चपलांकडे बघत होते. मग वाजवलं, आणि झकास वाजवलं, सर. चारही सूर एकदम, स्वच्छ.

नंतर काकूंनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्या म्हणाल्या, "बरं केलंस बोललीस. मी तेव्हा आत चहा गाळत होते, सगळं ऐकू आलं होतं. बाहेर येऊन दोन शब्द बोलायला हवं होतं मी. तुझ्या बाबांनी तो चहासुद्धा घेतला नाही." मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पण ह्यांचं नाव घेताना दर वेळी कान पकडत होतीस हो."

"मी? छे!" म्हटलं मी. पण कुणीतरी फोनवर काढलेला व्हिडिओ संध्याकाळी आला. बघितला. मी तुम्हाला शिव्याशाप देतेय, आणि पाच वेळा तुमचं नाव आलंय, तर पाचही वेळा डावा हात गिटार सोडून कानाच्या पाळीकडे जातोय, गुरूचं नाव घेताना जातो तसा.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवायला काकूंकडे देणार होते. आता नाही देणार. काकूंना फोन करून म्हटलं, "लहानपणची सवय हो, दुसरं काय!" त्या "हं" म्हणाल्या. पहिल्या वेळी सवयच होती. पाचव्या वेळी मात्र हात वर जाताना मला कळत होतं, आणि मी जाऊ दिला.