सॉकेटमधलं गंध

बुधवार, संध्याकाळ

उद्या दहाला ऑनलाइन मुलाखत आणि नेट नुसतं रांगतंय. नेटच्या कंपनीच्या बाईंनी फोनवर विचारलं, "लाइनमध्ये खरखर येते का, मॅडम?" येते की, सारखी! "मग भिंतीवरच्या सॉकेटचं झाकण काढून बघा."

आत गंध. अजून ओलं! इथल्या गिंडी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत खंडेनवमीला यंत्रांना लावतात, तसं परवा आईने मोडेमला, फोनला, सॉकेटलाही लावलं. माझ्या नोकरीसाठीच. पण एवढं पातळ, की आत झिरपावं?

कोरड्या फडक्याने पुसलं. खरखर गेली, स्पीड आला. आईला सांगायला हवं होतं. कसं सांगणार?

आत्ताच ती म्हणाली, "सॉकेटवरचं गंध पुसलं गेलंय गं. सकाळी तू उठायच्या आत पुन्हा लावते."