तापणारा रेझिस्टर आणि हुकलेल्या बातम्या

बाबा, त्या संध्याकाळी तुम्ही माझ्यावर चिडून न जेवताच झोपलात, त्याबद्दल लिहायचं राहून गेलं होतं. सीमेवर लढाई सुरू होती, दादा फौजेत होता आणि त्याची पत्रं थांबली होती. आपल्या रेडिओची बॅटरी संपलेली, पुसदच्या बाजारात दुसरी मिळेना. घरात वीज मात्र नुकतीच आली होती. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, म्हणून विजेवरून रेडिओला डीसी पुरवणारा सप्लाय घरीच जोडायला घेतला. तुम्ही ओट्यावरून आत, आतून ओट्यावर, नुसत्या येरझाऱ्या घालत होतात.

मी बटण दाबते. रेडिओ गुणगुणतो, आणि थोड्याच वेळात सप्लायमधला रेझिस्टर काळवंडायला लागतो. जळका वास येतो तशी आई तव्यावरची भाकर सोडून धावत येते. मी बटण बंद करते.

"काहून बंद केलं?" तुम्ही दारातून ओरडता.

"लय तापून राह्यला, बाबा."

"मंग मोठा लाव न! बातम्या होऊन जातीन."

मोठा लावला असता तर त्यानं ताप सोसला असता, पण खोट तशीच राहून पुढे ट्रान्सफॉर्मर जळाला असता. हे ऐकायला तुम्ही थांबलाच नाहीत. चौकातल्या हॉटेलातल्या रेडिओकडे निघालात, आणि तिथल्या गलक्यात काही ऐकू येईना म्हणून तसेच परतलात. तोवर मी रेडिओची तार सोडवून पाहिली होती. रेडिओ जोडलेला नसतानाही रेझिस्टर तापतच होता, म्हणजे खोट सप्लायमध्येच होती. मग त्याच्या पुढचा, वीज साठवणारा कंडेन्सर सोडवायचा होता. दरवेळी हात लावण्याआधी बटण बंद करून साठलेली वीज उतरेपर्यंत थांबावं लागे, आणि नेमकं थांबणंच मला जमत नव्हतं. तो काढला आणि रेझिस्टर गार राहिला. जुन्या, मोडक्या रेडिओतून काढलेला तो कंडेन्सर आतून निकामी होता. मी दुसरा जोडला.

आवाज आला तेव्हा बातम्या संपल्या होत्या. कुणीतरी कपाशीवरच्या किडीबद्दल सांगत होतं. तरी तुम्ही रेडिओसमोर उकिडवे बसून शेवटपर्यंत ऐकलंत, जणू मधेच दादाचं नाव येईल.

"तुले म्हटलं होतं मोठा लाव," एवढंच म्हणालात आणि उठलात.

पुढे दादाचं पत्र आलं. पाय गारठून तो दवाखान्यात पडला होता, पण होता. ते पत्र तुम्ही मला कितीदा वाचायला लावलंत!

तुमच्या माघारी लिहिलेलं हे पत्र मात्र मी कुठल्या पत्त्यावर टाकू? तरी सांगते, बाबा. कपाशीची कीड कानावर पडली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. सप्लाय चालला म्हणून नाही, बातम्या हुकल्या म्हणून.